तू पाठवलेली लांब काठी

परतूर,
सप्टेंबर १९९८

प्रिय धर्मराज,

रोलरला लावायची ती ॲल्युमिनियमची लांब काठी एस.टी. पार्सलने उन्हाळ्यातच पोचली. कळवायचं राहिलं, कारण कळवण्यासारखं काही घडलंच नव्हतं. तुझ्या अण्णांनी ती ओढून लांब केली, पिळून घट्ट केली, परत आखडली आणि कोपऱ्यात उभी केली. ही जळमटं काढायची काठी आहे म्हणाले, पेंटरचं हत्यार नव्हे. मग मीच तिच्या टोकाला आकडा बांधून शेवग्याच्या शेंगा काढल्या. शेजारची केशरबाई पण अधूनमधून मागून नेते. तू तिकडे पुण्यात रंगाच्या दुकानात उभा राहून गिऱ्हाइकांना तिचे गुण सांगत असशील आणि इकडे तिने आमच्या आमटीची सोय केली.

अण्णांचा पाय बरा आहे. थोडे लंगडतात, आणि कोणी तसं म्हटलेलं त्यांना खपत नाही. चढायचं काम सुटलं ते सुटलंच. दारं-खिडक्या रंगवतात, दुकानांच्या पाट्या करतात. शिडी न्हाणीमागे आडवी पडलीय, तिच्यावर दोडक्याचा वेल गेला होता. आडतीच्या गोदामात ते पडले ती गोष्ट मी तुला काय सांगणार. तू खाली शिडी धरून उभा होतास, चहाचा कप घ्यायला एक हात काढलास आणि तेवढ्यात अण्णा खाली आले. गावात एकच बोलणं झालं, पोरानं शिडी सोडली. त्यानंतर तू पुण्याला गेलास तो सणावारालाही फिरकला नाहीस. गुडघ्याचं तेल पाठवतोस, काठी पाठवतोस, स्वतः तेवढा येत नाहीस. आईला कळत नाही असं समजू नकोस.

तर यंदा महालक्ष्म्या तोंडावर आल्या तरी स्वयंपाकघराचं छत धुरानं काळंच. घरात पेंटर असून लक्ष्म्यांना काळ्या छताखाली बसवायचं, हे मला पटेना. अण्णा जांबेला दर्शनाला गेले तो दिवस मी साधला. केसांना फडकं बांधलं, डिस्टेंपर कालवला, रोलर काठीला लावला आणि सुरू केलं. शेंगा काढून हात बसलाय असं वाटलं होतं. पण शेंग खाली येते ती हवी असते, रंग खाली आलेला नको असतो. मी बरोबर रोलरच्या खाली उभी, त्यामुळे निम्मा रंग माझ्या कपाळावर. काठी पूर्ण लांब केलेली, ती मध्येच लवायची. रोलर कोरडा पडला की मी आणखी जोर लावायची, आणि छतावर रेघाच रेघा उठल्या. संध्याकाळी अण्णा आले, दारातच थांबले आणि वर बघत राहिले. मला वाटलं हसतील. हसले नाहीत. घरच्या छतावर तसल्या रेघा ठेवून त्यांना झोप लागली नसती, हे मला आधीच ठाऊक होतं. काही रेघा मी मुद्दामच ठेवल्या असं ते अजून म्हणतात. म्हणू देत.

सकाळी चहासुद्धा न घेता त्यांनी काठी हातात घेतली. आधी मला स्टुलावर उभं करून ब्रशने कडा मारून घेतल्या, कारण कोपऱ्यात रोलर शिरत नाही. मग काठी हवी तेवढीच लांब ठेवली, रोलर रंगात बुडवून नीट निथळला, आणि खाली न उभं राहता जरा मागे सरकून काठी तिरपी धरली. एक पट्टा ओला आहे तोवर त्याला लागूनच दुसरा. जोर असा नाहीच. माझ्या रेघा एकेक करून गेल्या. मान वर करून काम करताना किती दिवसांनी बघितलं त्यांना. मला फार बरं वाटलं बघ.

आणि मध्येच ते उभ्या उभ्या हलले. पाय जमिनीवर, शिडी नाही, स्टूल नाही, तरी हलले. काठी भिंतीला टेकवून तिच्या आधाराने खाली बसले. उपाशीपोटी काम केलं म्हणून झालं असेल, असं म्हणत मी गूळ आणायला निघाले, तर त्यांनी माझा पदर धरला. म्हणाले, "त्या दिवशी बी असंच झाल्तं. वर बघितलं की चक्कर येती. शिडी न्हाई हलली. पोरानं बराबर धरली व्हती."

मी विचारलं, मग इतके दिवस का नाही बोललात. तर म्हणे, पेंटरला चक्कर येते कळल्यावर काम कोण देईल. धर्मा, मला इतका राग आला की गूळ आणलाच नाही. आपली इज्जत राखायला पोराची घालवली या माणसाने. त्या दिवशी जेवायला वाढलं ते ताट आपटून. मग ते आपणहून उठले, टोपी घातली, आडतीसमोरच्या हॉटेलात गेले आणि चार लोकांत सांगून आले की पोराचा हात सुटला नव्हता, मलाच चक्कर आली होती. आडतीवरचे अप्पाराव तिथंच होते, त्यांनीच मला येऊन सांगितलं. नंतर आम्ही जालन्याला डॉक्टरकडेही गेलो. कानातला दोष आहे म्हणे, गोळ्या दिल्यात, वर बघून काम करायचं नाही. म्हणजे तुझी काठीही छतासाठी त्यांना चालत नाही. आता भिंती त्यांच्या आणि छत माझं. केशरबाईच्या माजघराचं छत मीच केलं, खालून सूचना यांच्या, आणि त्या काही संपत नाहीत.

हे पत्र त्यांनीच लिहायला लावलं. तुला स्वतः लिहायला बसले होते, पण कागद तसाच राहिला. माझा राग अजून पुरता गेला नाही, तरी त्यांचा निरोप जसाच्या तसा देते. खंडेनवमीला हत्यारांची पूजा आहे. ब्रश, भिंत खरवडायच्या पत्र्या, डबे धुऊन ठेवलेत, तुझी काठीही त्यांनी हत्यारांतच धरलीय. दोडक्याचा वेल काल त्यांनी स्वतः कापला. मी म्हटलं, शिडी पण आणून ठेवते पूजेला, तर मला हात लावू दिला नाही. म्हणाले, शिडी धर्माच्या हातची आहे, तो येऊन उचलंल.

तुझीच,
आई