रविवारी एक पाकीट

१ नोव्हेंबर २०२५, शनिवार

जूनपासून या वहीत एक ओळ नाही. वहीची माफी मागतो. कारणं आहेत : कंपनीचं ऑडिट, मग गुडघा, मग दिवाळी. आणखी खोल गेलो तर आळस निघेल, म्हणून तिथेच थांबलो.

संकल्प : पहाटे चालणे. चहात साखर अर्धी. रोज लिहिणे, खरं लिहिणे.

मोठी बातमी म्हणजे बॉक्स आला. महिला खेळाडूंची कार्डं, सगळे खेळ एकत्र, परदेशी माल. आत बारा सीलबंद पाकिटं, प्रत्येकात थोडी कार्डं. कुठल्या पाकिटात कोण निघेल ते फोडल्याशिवाय कळत नाही. मजा तीच म्हणे.

बॉक्स अपेक्षासाठी आहे. पोरगी अकरावीला, जूनपासून दौंडला आजीकडे (माझ्या सासूबाईंकडे) राहते, कबड्डीच्या कोचिंगसाठी. कल्पना माझी. मी स्वतः कॉलेजच्या कबड्डी संघात होतो (राखीव). दर रविवारी शिरूरहून तिला भेटायला जातो. ती पाया पडते, मोबाईल बघते. मी पेपर वाचतो, चहा पितो, परत येतो. याला भेट म्हणायचं का, असा प्रश्न पडला होता. म्हणून बॉक्स. रविवारी एक पाकीट, दोघांनी मिळून फोडायचं. आधी कोणी उघडायचं नाही.

फोनवर तसा शब्द दिला. ती म्हणाली, "पप्पा, तुमच्याच्यानं व्हायचं नाही." मी म्हणालो, शब्द म्हणजे शब्द. ती हसली. बऱ्याच दिवसांनी फोनवर तिचं हसणं ऐकलं.

सुषमा म्हणाली, "आधी बॉक्स कपाटात ठेवा आन् किल्ली माझ्याकडे द्या." बायकोचा हा विश्वास. किल्ली दिली नाही.

२ नोव्हेंबर, रविवार

सकाळी चाललो नाही, दौंडला जायचं होतं. न्हावऱ्यापर्यंत उसाच्या ट्रॉल्या.

पहिलं पाकीट. अंगणात चटई टाकली. अंगणात जागोजाग खड्डे पडलेत. सासूबाईंना म्हणालो, घुशी झाल्यात, बंदोबस्त करा. त्या पदर तोंडाला लावून आत गेल्या. माझ्या बोलण्याचा त्यांना राग येतो की काय, कळत नाही.

कार्डं निघाली ती अशी : लाटेवर फळी घेऊन उभी असलेली एक, तलवारवाली एक, आणि बर्फावर झाडू मारणाऱ्या दोघी (हाही एक खेळच, म्हणे). सासूबाईंनी ते कार्ड लांब धरून पाहिलं. "अवं पाव्हणं, ह्या बाया झाडत्यात कशाला? झाडून कार्डावर फोटू येत असंल तर माझा बी काढा की. जलम गेला झाडण्यात." अपेक्षा चटईवर आडवी होऊन हसली. खूप वेळ माझ्याशेजारी बसली. मोबाईल आत होता, तिने एकदाही आणला नाही.

पण कबड्डी नाही. बॉक्स घेतला प्रेरणेसाठी. झाडूपासून रेडरने काय प्रेरणा घ्यायची? बॉक्सने मला फसवलं असं आज तरी वाटतंय.

५ नोव्हेंबर, बुधवार

विचार केला. रांजणगावच्या मसाल्याच्या कारखान्यात मी क्वालिटी कंट्रोल बघतो. आमच्याकडे आलेला माल तपासल्याशिवाय आत घेत नाहीत. सप्लायर सख्खा भाऊ असला तरी सॅम्पल काढावंच लागतं. मग मुलीच्या बाबतीत मी इतका बेफिकीर कसा?

शब्द दिलाय, हे खरं. पण तो तिच्या आनंदासाठी दिलाय. निकृष्ट पाकीट निघालं तर आनंद कुठून येणार? म्हणजे तपासणी केली तरच शब्दाचा हेतू पाळला जातो. दोनदा उलटसुलट तपासलं, कुठे चूक सापडली नाही.

६ नोव्हेंबर, गुरुवार, दुपारी

लंच ब्रेकमध्ये लॅबचं दार लावून दुसरं पाकीट उघडलं. लगेच तिसरंही, कारण एका सॅम्पलवरून निष्कर्ष काढणं अशास्त्रीय.

क्रिकेट एक, कुस्ती एक, धावणारी एक. चांगला माल. बाकी भरताड. त्यात एक गोळाफेकवाली : गोळा मानेला टेकवलेला, गाल फुगलेले, डोळे घट्ट मिटलेले. दाढ दुखत असावी तशी. हिच्याकडून कोण काय शिकणार? चांगली तेवढी दुसऱ्या पाकिटात भरली.

मसाल्याचे सॅम्पल पाउच बंद करायचं सीलिंग मशीन लॅबमध्ये आहे. ते किती तापवायचं याचा अंदाज घ्यायला एक निरुपयोगी कार्ड हवंच होतं. गोळाफेकवाली घेतली. जास्त तापलं. तिच्या गळ्यावर आडवा करपलेला पट्टा उमटला. दुसऱ्या खेपेला बरोबर जमलं. पाकीट नव्यासारखं दिसतं. खरं सांगायचं तर नव्याहून बरं, मूळ कंपनीचं सील वाकडं होतं.

कंपनीचं मशीन खासगी कामाला वापरलं. ही गोष्ट मनाला लागून राहिली. एक दिवस उशिरापर्यंत थांबून भरपाई करीन.

९ नोव्हेंबर, रविवार

दुसरं पाकीट. अपेक्षाने ते उन्हात धरलं. कडेवरून बोट फिरवलं. माझ्याकडे पाहिलं. मग फोडलं. एकामागून एक सगळी उत्तम निघाली. "भारीच नशीब आहे आपलं," ती म्हणाली. मी म्हणालो, मेहनत करणाऱ्याला नशीब साथ देतं.

मग तिने विचारलं, "पप्पा, यात गोळाफेकचं असतं का हो?" मी म्हणालो, असले खेळ घेत नसतील. हे खोटं म्हणता येणार नाही. त्या पाकिटात तेव्हा नव्हतंच.

प्रॅक्टिस? "चालूय." उजवा खांदा दुखतोय म्हणाली. पकडीत लागलं असणार. डावा पुढे काढायला सांगितलं. आज लवकर उठून आत गेली. अभ्यास वाढलाय.

१६ नोव्हेंबर, रविवार

तिसरं पाकीट. चौथं-पाचवं फोडून त्यातली चांगली यात भरली होती, त्यामुळे कार्डं एकाहून एक. तिने ती न बघताच सारखी करून ठेवली. मी इतकं करतो, त्याचं काही नाही. अर्थात मी काय करतो ते तिला माहीत नाही, हेही लक्षात घ्यायला हवं.

येताना इम्तियाजच्या मोबाईल शॉपीत चहा. कॉलेजपासूनचा दोस्त. त्याची सुफिया अपेक्षाच्याच वर्गात आहे. म्हणाला, "विक्या, पोरीला जरा विचारत जा." मी म्हणालो, दर रविवारी विचारतो, प्रॅक्टिस कशी चाललीय. "ते नाय रे," म्हणाला, आणि नसलेल्या गिऱ्हाईकाकडे वळला. चहात साखर पूर्ण होती. पाहुणचार मोडता येत नाही.

२० नोव्हेंबर, गुरुवार

उरलेली सगळी पाकिटं तपासली. एवढ्या मोठ्या बॉक्समध्ये कबड्डीचं एक कार्ड नाही. बर्फावरचे खेळ मात्र तीन प्रकारचे. या देशावर हा अन्याय आहे.

उपाय सापडला. अपेक्षाचा मागच्या वर्षीचा, रेषा ओलांडतानाचा फोटो स्टुडिओत नेला. त्याच मापाचं, तसंच चकचकीत कार्ड छापून घेतलं. खाली नाव, मग 'रेडर, महाराष्ट्र'. अजून ती तालुक्याला खेळते. पण आमच्याकडे प्रोव्हिजनल ॲप्रूव्हल नावाचा प्रकार असतो.

चौथ्या पाकिटात मधोमध घातलं. सील केलं. एखादा बाप मुलीसाठी इतकं करतो का, असं मनात आलं. करत नसावा.

२३ नोव्हेंबर, रविवार, रात्री

जसं झालं तसं लिहितो.

पाकीट फोडलं. तिसरं कार्ड तिचं. ती हसेल, उडी मारेल, गळ्यात पडेल, यातलं काहीतरी होईल असं धरून मी चष्मा पुसून बसलो होतो. ती कार्डाकडे बघत राहिली. सासूबाई वाकून म्हणाल्या, "अगं बया, ही तर आपली अप्पी!" आणि तिचं तोंड बघून मागे सरकल्या.

"पप्पा, मी कबड्डी सोडली," अपेक्षा म्हणाली. "दिवाळीच्या आधीच. मी गोळा टाकते. मी आन् सुफिया. मॅडम म्हणतात, जिल्ह्याला जाशील."

मी सासूबाईंकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, "मला काय बघता? पोरगी हितंच टाकती गोळा. तवाच तर अंगणाची ही दशा हाय. तुमी त्या खड्ड्याशेजारी बसून च्या प्याला आन् मला घुशी मारायला सांगितल्या."

सुषमाला फोन लावला. तिला माहीत होतं. म्हणाली, "सांगणारच होते, तर तुम्ही तुमच्या राखीवची कथा सुरू केली. ती संपेपर्यंत दूध उतू गेलं." इम्तियाजला लावला. पोरींना लोखंडी गोळा त्यानेच पुण्याहून आणून दिलाय. म्हणाला, "मी कसम खाल्ली होती रे."

म्हणजे बायको, सासू, मित्र, मुलगी. सगळे एकीकडे, मी एकटा दुसरीकडे. मी 'विश्वासघात' हा शब्द वापरला. जरा मोठ्याने गेला. शेजारची म्हैस उठून उभी राहिली.

अपेक्षा आत गेली. रुसली असं वाटलं. पण ती आजवरची रिकामी पाकिटं घेऊन आली आणि एकेक चटईवर मांडली. पहिल्याची कड साधी. पुढच्या प्रत्येकाच्या सीलवर, बारीक दाबून उमटलेली, पॅकिंगची तारीख. आमचं मशीन सील मारतानाच तारीख उमटवतं. ती नीट उमटली नाही तर मी अख्खा लॉट परत पाठवतो. गेल्याच महिन्यात एका पोराला त्यावरून मेमो दिला.

"दुसऱ्या पाकिटालाच कळलं," ती म्हणाली. "मला वाटलं, पुढच्या रविवारी पप्पा आपणहून सांगतील. तुम्ही सांगितलं की मी पण माझं सांगणार होते. मग त्याच्या पुढच्या रविवारी वाटलं."

मी म्हणालो, ती तपासणी होती.

"बरं," ती म्हणाली. "गोळाफेकचं होतं का मग?"

मी म्हणालो, नाही.

"उरलेली पाकिटं इथं आणून द्या. मी आन् सुफिया उघडू." मी म्हणालो, सगळी तपासलेली आहेत, काळजी करू नको. सासूबाईंनी कपाळाला हात लावला.

इनामगावच्या फाट्याला थांबून पाणी प्यायलो. इतकं कोणी कोणाला फसवू नये.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

दोन दिवस नीट जेवण नाही. तिने लपवलं ते मोठं की मी लपवलं ते, याची तुलना केली. तिचं मोठं. तिने एक अख्खा खेळ लपवला. माझी नुसती पाकिटं. पण ती विचारत होती आणि मी विचारलं नाही, हा मुद्दा कुठे बसवायचा ते कळेना. तो बाजूला ठेवला.

तरी 'नाही' म्हणालो ते खोटंच होतं. ते दुरुस्त करायचं ठरवलं. लॅबच्या ड्रॉवरमधून गोळाफेकवाली काढली, फोटो काढून व्हॉट्सॲपवर पाठवला. खाली लिहिलं : 'हे बॉक्सच्या तळाशी सापडलं. पार्सलमध्येच खराब झालेलं दिसतं.' करपलेल्या पट्ट्यात तारीख आहे हे यावेळी माझ्या ध्यानात होतं. फोटो काढताना अंगठा त्यावर ठेवला होता.

तिचं उत्तर लगेच आलं. माझाच फोटो, त्यावर लाल गोल. अंगठ्याने दिवस झाकला होता. महिना आणि साल दिसत होतं.

खाली एक अक्षर नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

२६ नोव्हेंबर, बुधवार

कार्ड कुरिअरने दौंडला पाठवलं. यावेळी चिठ्ठी नाही. चालणं नाही.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

कार्ड पोचलं. तिचा फोन सुषमाला आला, मला नाही. स्वयंपाकघरातून दोघींचं बोलणं ऐकू येत होतं. मी पेपर धरून बसलो होतो. सुषमा फोन ठेवून बाहेर आली. मी म्हणालो, या रविवारी मी दौंडला जाणार नाही. ज्या घरात मला अंधारात ठेवलं तिथे मी पाय ठेवायचा कशाला? थोडं कळू दे तिलाही.

सुषमा म्हणाली, "नका जाऊ. सुटेल बिचारी."

मी म्हणालो, म्हणजे?

"रविवारी सकाळी रेल्वेच्या ग्राउंडवर त्यांची मोठी प्रॅक्टिस असते. पप्पा पाकीट घेऊन यायचे म्हणून ती दर रविवारी बुडवायची. मॅडमच्या शिव्या खायची. पहिल्या पाकिटाला खायची, तारीख दिसल्यावरही खायची. मी म्हणायचे, पप्पांना सांग ना उशिरा या म्हणून. तर म्हणायची, नको, ते एवढ्या लांबून येतात."

पेपर उलटा नव्हता. तरी एक ओळ वाचता आली नाही.

यावर माझी बाजू मांडायला ही वही उघडली होती. बराच वेळ झाला.

उद्या : अपेक्षाला फोन करून विचारणे, रविवारी कधी आलं तर चालेल.