दुपारचा खेळ बंद

भिवंडी, मंगळवार, १९ फेब्रुवारी १९७४

रात्रपाळीच्या लूम कामगारांसाठी आमच्या जुन्या नाट्यगृहात दुपारचं नाटक मीच सुरू केलं. भाषा मराठी-उर्दू मिसळलेली, नटही कामगारच. आज नाट्यगृह समितीच्या बैठकीत अध्यक्ष म्हणाले, "पुढच्या खुर्च्यांवर लुंगीवाले बसतात. बंद करा हे." पुढच्या खुर्च्या! तिकीट काढूनच बसले होते ना? तरी चिटणीस म्हणून मी ठरावावर सही केली. का केली? तोंड का नाही उघडलं?

बाहेर करीमचाचा उभे होते. नाटकात बापाचं काम करतात.

"साहब, अगले हफ्ते खेल कितने बजे?"

"हॉलची दुरुस्ती आहे," मी खोटंच सांगितलं.

"तो हम लोग आके हाथ लगाएँ?"

मी म्हणालो, "कळवतो."