खिडकीकडे निघालेला करकोचा

पिनर, लंडन, ९ मार्च २०२५

प्रिय कस्तुरीस,

अनेक आशीर्वाद. फोन तू उचलत नाहीस, मेसेजला नुसत्या निळ्या खुणा. म्हणून या आठवी नापासाने कागद घेतलाय. हसत का होईना, वाच.

चंद्रशेखरकाकांनी मला इथे जयंतसाहेबांच्या घरी रंगकामाला लावलंय. त्यांच्या बायकोला, मीनलवहिनींना, आठवा लागलाय. मी गावाकडे ट्रकांवर मोर काढायचो हे कळल्यावर म्हणाल्या, बाळाच्या खोलीत भिंतीवर स्टॉर्क काढ. म्हणजे करकोचा गं, लांब पायांचा. चोचीत झोळी, झोळीत बाळ. इकडच्या चित्रांत घरोघरी बाळ तोच आणतो म्हणे. आपल्याकडे जन्माआधी झबलंसुद्धा घेत नाहीत आणि हे चित्र काढून मोकळे!

तीन दिवस जीव ओतला. वहिनींनी बघितलं आणि मटकन खालीच बसल्या. पक्ष्याचं तोंड मी खिडकीकडे केलेलं. बाळाला घेऊन तो घराबाहेर निघालेला. शपथ सांगतो, काढताना कळलंच नाही गं. साहेब काय बोलले ते लिहीत नाही. चित्रावर पांढऱ्या रंगाचा हात मारलाय. महिनाअखेर पाळणा येणार, त्याआधी पुन्हा काढायचाय, पाळण्याकडे तोंड करून. रोज खडू घेतो नि ठेवतो. हातच उठत नाही.

आपलं बाळ गेलं तेव्हा मी आलो नाही. आई म्हणाली, येऊन काय करणार, तिच्यापुढे विषय काढू नकोस, विसरेल. मला तेच हवं होतं, खोटं कशाला बोलू? आता वेड लागायची वेळ आलीय. तू माहेराहून परत येणार नाहीस म्हणे. कायमची का? एवढं एकच लिही. शिव्या घाल, पण लिही.

लोभ उरला असेल तर टाकून देऊ नकोस.

तुझा,
वरद


मिरज, २१ मार्च २०२५

श्री. वरद यांस,

सा. न. वि. वि. पत्र पोचलं. चुका मोजल्या नाहीत. अक्षर मात्र ट्रकावरचंच, लांबून वाचता येईल असं.

आधी त्या बाईंची भिंत पुरी करा. तिचे दिवस भरत आलेत, तिला घोर लावू नका.

कायमची का, ते माझं मलाच कळत नाही. इथेही कुणी विषय काढत नाही. पण चार महिन्यांत तुम्ही एकदाही विचारलं नाहीत, मुलगा होता की मुलगी.

मुलगी होती. नर्सने दोन मिनिटं मांडीवर दिली होती. तेवढ्यात मी तिचं नाव ठेवलं. अजून कुणाला सांगितलेलं नाही. कागदावर लिहिणार नाही. या आणि विचारा.

लोभाचं समोरासमोर बघू.

कस्तुरी