एक्केचाळीस दातांचं चाक

प्रिय सुनंदा,

तुझं नाव लिहिताना हात अडखळला. सत्तावीस वर्षांच्या संसारात मी तुला नावानं एकदाही हाक मारली नाही. "ऐकी ऱ्हायनी का" एवढं म्हटलं की तू समजून घ्यायचीस. कोणी बाहेरचं असलं तर 'मनीषानी माय'. आता कागदावर सुरुवात करायची तर नाव लिहावंच लागतं. काय हा माझा शहाणपणा, तू गेल्यावर तुझं नाव घेतोय.

तू मला एक प्रश्न विचारून ठेवला होतास. तो मला उशिरा सापडला. त्याचं उत्तर तोंडानं देऊन भागण्यासारखं नव्हतं, लोखंडात करून बघावं लागलं. आज दुपारी ते काम पुरं झालं आणि घरी येऊन हातही नीट न धुता लिहायला बसलो. कागदावर तेलाचे डाग पडलेत. ओरडायला तू नाहीस.

सगळं सुरू झालं बोर्डापासून. वैशाखातल्या वाऱ्यानं वर्कशॉपवरची पत्र्याची पाटी खाली आली. गंजून चाळण झाली होती, परत लावण्यासारखी राहिली नव्हती. आपल्या खापर गावात मला ओळखत नाही असा कोण आहे? पण हमरस्त्यावरून जाणाऱ्या गाड्यांना पाटी लागते, गुजरातकडून येणारे रसवंतीवाले पाटी बघूनच थांबतात. नवीन करायची म्हटल्यावर मला तू काढलेलं चित्र आठवलं. आणि चित्र आठवलं की तो दिवस आठवतोच.

तुला वाटायचं मी विसरलो असेन. विसरलो नाही गं. तू दुपारचा डबा घेऊन आलीस आणि डब्याच्या पिशवीतून कागद काढलास. तुझ्या फोटोच्या प्रिंटरवर रंगीत छापलेला, घडी पडू नये म्हणून पुठ्ठ्यात घालून आणलेला. वर माझं नाव, खाली 'सर्व प्रकारचे गिअर बनवून मिळतील', आणि मधे तीन चाकं, एकमेकांत दात अडकवलेली. निळं, केशरी, हिरवं. घरी कॉम्प्युटरवर लोकांचे पासपोर्ट फोटो आणि लग्नपत्रिका करता करता त्याच सॉफ्टवेअरवर तू हे माझ्यासाठी काढलं होतंस. मी मागितलंही नव्हतं.

दुकानात तेव्हा दोन गिऱ्हाइकं बसली होती. मी कागद हातात घेतला आणि हसलो.

"हाई तं फिरनार नही," मी म्हणालो. "तिन्ही चाकं जाम शेतस. आन दात बी चुकेल शेतस."

तेवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण मला शिकवायची हौस. खडू घेतला आणि फरशीवर काढून दाखवायला लागलो. पहिलं चाक उजवीकडे फिरलं की दुसरं डावीकडे, मग त्या दोघांना चिकटलेल्या तिसऱ्यानं कुणाचं ऐकायचं? आणि मोठं चाक काढून तेच तू लहान करून शेजारी ठेवलंस, त्याबरोबर त्याचे दातही बारीक झाले. चाक लहान असो की मोठं, जोडीतल्या दातांचं माप एकच असतं. बारीक दात जाड दातात बसेल कसा? हे सगळं मी मोठ्यानं, त्या दोघांना ऐकू जाईल असं सांगत होतो.

त्यातला एक म्हणाला, "मिस्तरी, घरमाच फिटिंग चुकनं वाटस." आणि आम्ही तिघं हसलो.

तू कागदाची चार पदरी घडी घातलीस. पुठ्ठ्यात नाही ठेवलास. "चित्रमाना चाकले फिरानं काय काम शे?" एवढंच म्हणालीस, आणि मला म्हणालीस, "जेवी ल्या." मी जेवलो. भरीत होतं. मला तेही आठवतंय.

त्यानंतर तू बोर्डाचं नाव काढलं नाहीस. मीही काढलं नाही. मला वाटलं, विषय संपला.

तर पाटी पडल्यावर मी तुझ्या कॉम्प्युटरसमोर बसलो. मनीषा सुरतहून किती दिवस सांगत होती, तो कुणाला तरी देऊन टाका, जागा अडते. मी काही ना काही सांगून टाळत होतो. खरं कारण तिला कसं सांगू? तू गेल्यापासून संध्याकाळी घरी आलो की मी तो नुसता चालू करून ठेवतो. आतला पंखा घुं घुं करतो, आणि मी स्वयंपाकघरात भाकरी थापत असलो की पुढच्या खोलीत कुणीतरी काम करत बसलंय असं वाटतं. अजून बायका दारात येऊन विचारतात, "ताई शेतस का?" शाळेच्या फॉर्मसाठी फोटो हवा असतो. परगावच्या असतात, त्यांना माहीत नसतं. मी नुसतं 'नाही' म्हणतो. पुढचं सांगायला मला जमत नाही.

मला वाटलं, चाक काढायला काय लागतं? तीस वर्षं हाताखालून चाकं गेलीत. एक दात काढला, त्याची नक्कल करून गोलावर फिरवत गेलो. सतरा दातांचं चाक. तीनशे साठ अंशांना सतरानं भागलं की एकवीस पूर्णांक काहीतरी येतं. मी ते काहीतरी सोडून दिलं, नुसते एकवीस धरले. सतरावा दात लागला आणि पहिल्याच्या अलीकडे जास्तीची फट पडली. वर्कशॉपमध्ये दुसऱ्या कुणी असं चाक कापलं असतं तर मी ते रस्त्यावर फेकलं असतं. तो माऊसही हातात ठरत नाही. माझ्या या जाड बोटांना मिलिमीटरचा शंभरावा भाग कळतो, आणि तो प्लास्टिकचा उंदीर ऐकत नाही. चार दिवस मी त्या खुर्चीत घाम गाळला. तेव्हा मला पहिल्यांदा समजलं की तू तीन चाकं काढलीस म्हणजे किती दुपारी बसली असशील.

शेवटी मनीषाला फोन लावला, कॅमेरा पडद्यासमोर धरला. ती ओरडली, "आण्णा, काही बी दाबू नका, मायनी फाइल पुसाई जाई." मग तिनं मला तुझी फाइल शोधून दिली. उजवीकडे एक उभी यादी होती. तिला लेअर म्हणतात, म्हणजे पारदर्शक कागद एकावर एक ठेवल्यासारखं. त्यांना तू नावं दिली होतीस. 'नाव'. 'फोन'. 'दात'. 'तीन चाकं जुनी'. आणि सगळ्यात वर एक: 'यांना विचारायचं'.

मी मनीषाला विचारलं, यावर काहीच का दिसत नाही?

"त्या नावनी डाव्या बाजूले डोया शे ना, तो बंद शे. दाबा त्याले."

मी डोळा दाबला.

दोन चाकं आली. दोनच. तिसरं तू काढून टाकलं होतंस. एक मोठं, एक लहान, आणि दोघांचे दात एका मापाचे. पहिला आणि शेवटचा यांच्यामधेही जास्तीची फट नाही. जिथे दोन्ही चाकं भेटतात तिथे तांबड्या रंगाचा बाण, आणि बारीक अक्षरात लिहिलेलं: 'इथं दोन्ही दात टेकतात. मधे थोडी जागा सोडायची असते का?'

मनीषा फोनवर काहीतरी बोलत होती. मी तिला म्हणालो, नंतर लावतो.

सुनंदा, हा प्रश्न मी कामाला लागल्यावर दुसऱ्या वर्षी उस्तादांना विचारला होता. तू एकटी, या खोलीत बसून तिथपर्यंत पोचलीस. आणि विचारलं नाहीस. मनीषानं नंतर पाहून सांगितलं, ती फाइल तू संक्रांतीच्या आधी शेवटची उघडली होतीस. संक्रांतीनंतर पंधरा दिवसांत छातीत कळ आली आणि तू गेलीस. म्हणजे त्या हसण्यानंतर दीड वर्ष तू रोज डबा घेऊन येत होतीस, समोर बसत होतीस, आणि हे मनात ठेवून परत जात होतीस. का गं नाही विचारलंस? पण हे मी तुला कोणत्या तोंडानं विचारू? विचारून तुला काय मिळालं होतं ते मला माहीत आहे.

मग मी दात मोजले. पडद्यावर बोट ठेवून. लहान चाकाला एकोणीस, मोठ्याला एक्केचाळीस. हे आकडे तुला कुठून सुचले? रसवंतीच्या मशीनची जोडी अठरा आणि चाळीसची असते. दोन्हीकडे एक-एक दात जास्त कसा?

दोन दिवस हेच डोक्यात होतं. तिसऱ्या दिवशी वर्कशॉपच्या कोपऱ्यातल्या भंगाराकडे बघताना आठवलं. तिथे रसवंतीची एक जुनी जोडी पडलेली आहे. एकदा दुपारी मी बाहेरून आलो तर तू त्या ढिगाजवळ उकिडवी बसली होतीस.

"काय करी ऱ्हायनी?"

"काही नही. तुमनी वाट देखी ऱ्हायनू."

मला ते पटलंही होतं. नंतर एकदा त्या जोडीतलं मोठं चाक हलवताना मला दिसलं की काळ्या मेणचट चाकाचा एकच दात पुसून लख्ख केलाय आणि त्यावर तुझी लाल टिकली आहे. मला वाटलं, कपाळावरून पडली असेल. एवढा मी हुशार.

पडली नव्हती. आम्ही दात मोजताना पहिल्या दाताला खडूची खूण करतो, कुठून सुरू केलं ते कळावं म्हणून. तू मला ते करताना पाहिलं असणार. तुझ्याकडे खडू नव्हता, म्हणून टिकली लावलीस. टिकलीच्या दाताला एक म्हणालीस, मोजत मोजत फिरलीस, आणि परत टिकलीपाशी आल्यावर तोच दात पुन्हा मोजलास. लहान चाकालाही तसंच केलं असशील. ही चूक प्रत्येक शिकाऊ माणूस करतो. मी केली होती, आणि उस्तादांनी ते चाक माझ्या डोक्याजवळून भिरकावलं होतं. माझ्याकडे शिकायला आलेल्या प्रत्येकाला मी पहिल्या दिवशी हे सांगतो: खुणेपाशी आलात की थांबा. तुला सांगितलं नव्हतं. तू शिकतेयस हेच मला माहीत नव्हतं.

आता चित्र दुरुस्त करणं सोपं होतं. मनीषा म्हणाली, ती सुरतहून करून पाठवेल. मी नको म्हणालो.

पोळा झाला, पावसानं काम थंड होतं. बिडाच्या दोन चकत्या घेतल्या आणि तुझ्या चित्राप्रमाणे चाकं कापायला घेतली. चाळीस दातांचं चाक मी झोपेतही कापेन, चकती मापानं फिरवणाऱ्या यंत्राच्या हँडलचा एक पूर्ण फेरा की एक दात. एक्केचाळीसला तसं चालत नाही. हँडलमागची भोकांची तबकडी बदलावी लागते, आणि दर दाताला एक्केचाळीस भोकांतली चाळीस मोजून पुढे जायचं. एकदा चुकलं की सगळी चकती वाया. एक चकती मी वाया घालवली. तेव्हा हसायला आलं, आणि बाजूला कुणी नाही म्हणून लगेच थांबलंही.

आज दोन्ही चाकं एका लोखंडी पाटीवर बसवली, लहान चाकाला हँडल लावलं. घरी आरशाच्या कडेला तू चिकटवून ठेवलेल्या टिकल्या अजून आहेत. सात होत्या. त्यातल्या दोन सकाळी जाताना घेतल्या. जिथे दोन्ही चाकं भेटतात तिथल्या लहान चाकाच्या एका दाताला एक लावली, आणि मोठ्याच्या शेजारच्या दाताला दुसरी. मग हँडल फिरवलं.

फिरतं गं. अजिबात न अडकता फिरतं.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. हो, जागा सोडायची असते. केसभर. दाताला दात घट्ट टेकला की चाक तापतं आणि शेवटी जाम होतं. हे मला चाकाबद्दल पहिल्यापासून ठाऊक होतं.

आणि एक गोष्ट, जी तुला सांगायला मला फार आवडलं असतं. अठरा आणि चाळीसच्या जोडीत त्याच दोन दातांची गाठ लहान चाकाच्या विसाव्या फेऱ्याला पुन्हा पडते. तीच तीच जोडी घासत राहते, म्हणून ती लवकर झिजते. तुझ्या जोडीत प्रत्येक दात समोरच्या प्रत्येक दाताला भेटून येतो, झीज सगळ्यांत सारखी वाटली जाते. जाणते कारागीर हे मुद्दाम करतात. तुझ्या हातून ते चुकून झालं. ही जोडी कुठल्या रसवंतीला बसणार नाही, पण जोडी म्हणून तिच्यात खोट नाही.

फक्त भेट लांबते. मी मोजत फिरवत होतो. विसाव्याला टिकल्या कुठल्या कुठे होत्या. तिसाव्याला खांदा दुखायला लागला. एक्केचाळिसाव्या फेऱ्याला लाल टिकली लाल टिकलीशेजारी येऊन थांबली. डबा उघडायचा राहिला होता. मी तिथेच बसून राहिलो.

बोर्ड पुढच्या आठवड्यात लागेल. त्यावर तुझं चित्र असेल, दोन चाकांचं, एकोणीस आणि एक्केचाळीस. एकही दात कमी करणार नाही, हे माझं वचन. कुणी मिस्तरी रस्त्यात थांबून दात मोजेल आणि हसेल, तर त्याला आत बोलावून हँडल हातात देईन आणि सांगेन, "मन्ही बायकोनी काढेल शे. फिराई देख." आणि आरशावरच्या उरलेल्या पाच टिकल्यांना आता हात लावणार नाही.

तुझा,
मिस्तरी