मालिकेत नसलेली जैबुनबी

प्रिय माय,

रविवारपासून माझं कशात लक्ष लागत नाही. दोनदा दूध उतू गेलं. शिकवणीच्या पोरींना चुकीचं गणित घालून दिलं. तुला जाऊन दोन वर्षं झाली, एवढ्या दिवसांत तुला एक ओळ लिहिली नाही. आणि आज लिहायला बसले ते तुझ्याशी भांडायला की तुझी माफी मागायला, तेच कळेना.

टीव्हीवर तुझी गोष्ट आली, माय!

निजामाच्या राजवटीवर एक मालिका चालू आहे. जिंतुरात घरोघरी बघतात. मागच्या वर्षी तिची लेखिका मुंबईहून आली होती, जुन्या माणसांच्या आठवणी गोळा करत. पोरगी गुणी होती. आपल्या ओट्यावर बसून तिनं मला बोलतं केलं. मी सांगितलं, माझी माय तेव्हा आठ वर्षांची होती. आजोबा निजामाविरुद्ध लढायला सरहद्दीवरच्या कॅम्पात गेलेले. सकाळीच रझाकार गावात शिरले, तेव्हा शेजारच्या पिंजाऱ्याच्या बायकोनं, जैबुनबीनं, मायलेकींना हात धरून आपल्या घरात ओढलं. आजीवर स्वतःचा बुरखा टाकला. दारात आडवी उभी राहिली नि म्हणाली, "घर में बीमार औरत है, अंदर नक्को आओ." ते परत गेले.

किती अभिमानानं सांगितलं मी! रविवारी तो भाग लागणार होता, त्या दिवशी जैबुनबीच्या नातीला, शमीमलाही बोलावलं. आपले ब्लाउज शिवायची ती शमीम. लेकीला घेऊन आली बिचारी, नवा ड्रेस घालून.

माय, तुझं ते कुडाचं घर तू पडद्यावर ओळखलंच नसतंस. दगडी चिरेबंदी, दारात पितळी समया! आजीच्या अंगावर भरजरी शालू, नाकात नथ. दोनच लुगडी होती ना गं तिला? सगळे पुस्तकातल्यासारखं बोलत होते. 'लय' नाही, 'हाय' नाही. कुणाच्या पायाला चिखल नाही. आणि जो तो असा बोलायचा, जसं काही आपण इतिहासात आहोत हे त्याला आधीच ठाऊक होतं! तुम्हाला कुठं ठाऊक होतं? तुम्हाला तर संध्याकाळी भाकरीला पीठ आहे का, एवढंच ठाऊक होतं.

एवढ्यावर मी हसूनही सोडलं असतं. पण मग शेजारी आला. डोळ्यांत सुरमा घातलेला एक पुरुष. तो दिसला की संगीतच बदलायचं, याचा राग करा म्हणून सांगणारं. त्यानं रझाकारांना बोट करून तुमचं घर दाखवलं. आणि तुम्हाला वाचवायला कोण आलं? घोड्यावरून एक तरुण, हातात तलवार!

शमीम शेवटपर्यंत बसली. मग हळूच म्हणाली, "बाई, ह्याच्यात आमची दादी कुटं हाय?"

 तिची लेक माझ्याकडं बघायली होती. चहा न घेताच दोघी उठून गेल्या.

दुसऱ्या दिवशी मी त्या लेखिकेला फोन केला. तोंडाला येईल ते बोलले. तिनं ऐकून घेतलं. म्हणाली, "ताई, मी जैबुनबी लिहिली होती. वरच्या लोकांनी काढली. प्रेक्षकांना कुणाच्या बाजूनं उभं राहायचं ते चटकन कळायला पाहिजे, म्हणाले. मी भांडायला हवं होतं, ते मी केलं नाही." मग म्हणाली, "पण एक विचारू? जैबुनबीचं पुढं काय झालं, हे मी तुम्हाला तीनदा विचारलं होतं. तिन्ही वेळा तुम्ही विषय बदललात."

मी फोन ठेवून दिला गं.

पुढचं तू मला एकदाच सांगितलं होतंस, तूर निवडता निवडता. मान वर न करता. हिंदुस्थानची फौज आली, राज बदललं, आजोबा हार घालून गावात परतले. आणि थोड्याच दिवसांत आसपासच्या गावांतून काठ्याकुऱ्हाडी घेतलेली माणसं आली, आता मुसलमानांच्या घरांवर. भर दुपारी. जैबुनबी, कडेवर लेकरू, आणि तिचा नवरा करीमचाचा, पळत आले ते आपल्याच दाराशी. दार वाजवायला लागले. आतली कडी आजोबांच्या हातात होती. आजी त्यांचा हात ओढत होती. त्यांनी कडी काढली नाही.

चाचांना आपल्या ओट्यावरून ओढून नेलं. ते परत आलेच नाहीत. जैबुनबी लेकरू घेऊन जिंतूरला आली, ती कायमची.

"आन् तू?" मी विचारलं होतं. तू म्हणालीस, "मी काय, गप उभी व्हते." आणि सूप घेऊन आत गेलीस.

तू आजोबांच्या फोटोला कधी हार घातला नाहीस. त्यावरून मी तुला किती बोलले! स्वातंत्र्यसैनिक बाप, आणि लेकीला किंमत नाही! तेव्हाच सगळं का नाही सांगितलंस? आणि सांगितल्यावर तरी मी काय केलं? मुंबईच्या पोरीला तेवढा चांगला अर्धा भाग दिला. त्यांनी तर गोष्ट नंतर कापली, माय. पहिली कात्री मी लावली.

मामाचा दिगंबर परवा पेढे घेऊन आला होता. गावच्या शाळेला आजोबांचं नाव द्यायचं ठरतंय. मुक्तिदिनाला कार्यक्रम, आधी मालिकेतला तो भाग पडद्यावर, मग माझं भाषण. मी त्याला सगळं सांगितलं. तो लालबुंद झाला. "अक्का, कशाला उकरायलीस? आज्जानं राज उलथवलं, आन् तू कडीचं सांगायलीस?"

"दिगू, आज्जा शूर होता हे खरंच हाय. त्या दुपारी भ्यायला, हे बी खरंच हाय."

"मंग तू येऊच नको," म्हणाला आणि पेढ्याचा पुडा तसाच ठेवून गेला.

काल दुपारी शमीमकडं गेले. ती मशिनीवर होती. मी उभ्याउभ्याच सांगून टाकलं. दाराचं, कडीचं, सगळं. मान खाली घालून वाट बघत राहिले की आता ती मला जा म्हणेल.

तिनं मशीन थांबवली. "बाई, आमाला ठाव हाय."

"ठाऊक आहे? आणि तरी दर ईदला माझ्या मायला शीरखुर्मा यायचा?"

"दादीच पाठवायची. ती गेल्यावर अम्मीनं सोडलं न्हाई." धाग्याचं टोक बोटाला गुंडाळत ती म्हणाली, "दादी सांगायची, दाराच्या आतून एक लेकरू वरडायलं होतं. 'उघडा हो आण्णा, चाची हाय, उघडा!' घसा फाटेस्तोवर. दादी म्हनायची, उस घर में एक बच्ची मेरे वास्ते रोई."

माय! तू गप नव्हतीस गं! तू ओरडली होतीस. जैबुनबीनं ऐकलं होतं. ते तुझं तुलाच आठवत नव्हतं, की एवढं ओरडूनही दार उघडलं नाही, म्हणून ते ओरडणं तू कधी जमेला धरलंच नाहीस? पंचाहत्तर वर्षं तू स्वतःला गप उभी ठेवलंस. आणि इथून दोन गल्ल्यांवर त्या घरात तुझं ओरडणं सांभाळून ठेवलेलं होतं. मी आधी गेले असते, तू असताना, तर? हे मात्र मला आता जन्मभर पुरणार आहे.

मुक्तिदिनाला मी जाणार आहे. दिगंबरनं नको म्हटलं तरी. शमीम आणि तिची लेक सोबत येतो म्हणाल्यात. आधी कॅम्पातले आजोबा सांगेन, मग बुरखा आणि दारातली जैबुनबी, मग कडी. पोरं बसलेली असतील, तरी काही गाळणार नाही. लोक उठून गेले तर जातील. आणि आत ओरडणारी ती आठ वर्षांची पोरगी कोण होती, तिचं नाव मी मोठ्यानं घेईन. हा तुला माझा शब्द आहे.

तुझीच,
सुनंदा