खोकताना धरायची उशी

९ फेब्रुवारी

शिंकलो.

एकच शिंक. येतेय हे कळलं होतं. नाक दाबलं, जीभ टाळूला लावली, सगळं केलं. तरी आलीच. पुढचं अर्धं मिनिट मला आठवत नाही. शेजारच्या खाटेवरचे काका सांगतात, मी आईला हाक मारली. आई जाऊन नऊ वर्षं झाली!

नर्स आली. दहापैकी किती दुखतंय? म्हटलं, बारा. म्हणाली, दहाच्या आतलं सांगा.

ऑपरेशनला आज सहा दिवस. छातीचं मधलं हाड करवतीनं उभं कापतात, आतला हृदयाचा व्हॉल्व्ह बदलतात आणि हाड परत तारेनं बांधतात. तारेनं — कुंपण बांधतात तसं. हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असेलही. डॉक्टर समजावत होते तेव्हा त्यांच्या खिडकीबाहेर एक माणूस दोरीला लटकून काचा पुसत होता. मी त्याच्या पायांकडे बघत होतो, एका पायात चप्पल नव्हती. ती कुठे पडली असेल, याचा विचार करता करता सही केली.

१० फेब्रुवारी

उद्या सोडणार. काका म्हणतात, घरी गेल्यावर जास्त दुखतं. का सांगतात असलं?

११ फेब्रुवारी

घरी. म्हणजे ताईच्या घरी. माझं घर म्हणजे ट्रक. मधमाश्यांच्या पेट्या घेऊन आम्ही फुलोऱ्यामागे फिरतो. मोहरी संपली की सूर्यफूल, सूर्यफूल संपलं की पुढचं काही. सात वर्षांत एका जागी दोन महिन्यांच्या वर टिकलो नाही. डिसेंबरात पेटी उचलताना खाली बसलो तो उठलोच नाही. लहानपणी मला आणि ताईला एकाच हिवाळ्यात ताप आला होता, सांधे सुजले होते. त्या तापानं व्हॉल्व्ह खाल्ला म्हणे. इतकी वर्षं खात होता आणि मला पत्ता नाही.

तीन मजले. भावोजी आणि खालचा इस्त्रीवाला, दोघांनी खुर्चीत बसवून वर आणलं. पायरीगणिक आतलं हाड करकरलं. ताई पिशव्या घेऊन मागून येत होती. दुसऱ्या मजल्यावर ती थांबली. नेहमी थांबते तिथे. पिशवीचा बंद हाताला काचतो म्हणते.

दोन किलोच्या वर उचलायचं नाही. हातावर जोर देऊन उठायचं नाही. कुशीवर झोपायचं नाही. तीन महिने! मी जन्मभर कुशीवर झोपलोय. उताणा झोपलो की आपण मेलोय असं वाटतं.

१२ फेब्रुवारी

कसं दुखतं ते आज नेमकं सापडलं. छातीत कुणीतरी गच्च भरलेली बॅग कोंबलीय आणि वर बसून चेन ओढतंय. चेन कातडीत अडकते, तरी ओढतंय.

ताईनं विचारलं कसं आहे. म्हटलं, बरंय. तिनं परत विचारलं — म्हणजे कसं, सांग ना. आग होते का? ओढल्यासारखं? की ठणका? डॉक्टरपेक्षा जास्त चौकशी. मी चिडलो. म्हटलं, एवढी हौस असेल तर तू झोप इथे. ती गेली निघून.

भावोजी सोफे आणि गाड्यांच्या सीटा शिवतात. खोकताना छातीशी धरायला त्यांनी मला उशी करून आणली. आत कडक फोम, वर लाल रेक्झीन. कुठल्या तरी टेंपोच्या सीटचं उरलेलं असणार. घट्ट कवटाळायची आणि मग खोकायचं. खोकलो. डोळ्यांपुढे काजवे. उशीला घामाचा वास आणि डिझेलचा. डिझेलच्या वासानं जरा बरं वाटलं.

१४ फेब्रुवारी

घरात विनोदाला बंदी आलीय. कारण असं की काल ड्रेसिंग बदलताना भावोजींनी माझी छाती निरखून बघितली, धंद्यातल्या माणसानं बघावी तशी. वरपासून खालपर्यंत बोट न लावता बघितली आणि म्हणाले, "मेव्हणे, काम चांगलं आहे, पण उरलेलं कापड परत दिलं का?"

हसलो. हसणं म्हणजे काय ते तेव्हा कळलं. पोट हलतं, पोट छातीला ओढतं, छाती फाटते. हसता हसता रडायला लागलो, थांबेना. ताई भावोजींना इतकं बोलली की ते जिन्यात जाऊन बसले. आता जेवताना तिघंही ताटात बघून जेवतो. भावोजींच्या तोंडावर दिसतं काहीतरी आलंय ते, गिळतात बिचारे. मला ते बघूनही हसू येतं. मग डोळे मिटून घेतो आणि मेलेल्या माश्या आठवतो. मागच्या वर्षी शेतात कुणीतरी औषध फवारलं, चाळीस पेट्या सकाळपर्यंत गप्प. तो सडा आठवला की हसू जातं.

१५ फेब्रुवारी

एक प्लास्टिकचं यंत्र दिलंय. तीन कप्पे, तीन गोळ्या. नळी तोंडात धरून श्वास ओढायचा, गोळ्या वर चढतात, सोडला की टकटक खाली पडतात. तासाला दहा वेळा. फुप्फुसं उघडी राहायला पाहिजेत, नाहीतर पाणी धरतात. पण खोल श्वास म्हणजे ती चेन पार गळ्यापर्यंत ओढणं! एक गोळी चढते. दुसरी हलते. तिसरीला मी अजून हात लावलेला नाही.

ताई स्वयंपाकघरातून कान देऊन असते. टकटक ऐकू आली नाही की हाक मारते.

तर आज मी शोध लावला. यंत्र उलटं करून सुलटं केलं की गोळ्या तश्शाच वाजतात.

१६ फेब्रुवारी

आज शंभर वेळा वाजवलं. श्वास एकही ओढला नाही. ताई खूश. मी तिच्याहून खूश.

१९ फेब्रुवारी

परत हॉस्पिटल. दोन दिवस काय झालं ते तुकड्यांत आठवतं. ताप. दम. दाराच्या कडीला लटकलेला भावोजींचा शर्ट खूप मोठा दिसत होता. उजव्या फुप्फुसाखाली पाणी झालंय. मला बसवून, टेबलावर वाकवून, पाठीतून सुई घातली आणि बाटलीभर पाणी काढलं. चहाच्या रंगाचं.

डॉक्टर ताईला विचारत होते, यंत्र करतो ना? ती म्हणाली, "करतो हो, मी स्वतः मोजते." मी भिंतीकडे तोंड करून पडलो होतो. पाणी काढलं त्यापेक्षा हे जास्त लागलं.

संध्याकाळी तिला सांगून टाकलं. वाटलं मारेल. ती पलंगाच्या कडेला बसली आणि एवढंच म्हणाली, "इतकं दुखतं? की मरण पत्करलंस पण श्वास नको?"

हो म्हटलं. खरंच होतं ते. मला जगायचंच नाही असं नाही. फक्त हे इतकं सारखं, प्रत्येक श्वासाला, मिनिटाला अठरा वेळा नको. आणि ते मला थांबवता येत नाही.

२१ फेब्रुवारी

आज एको काढला, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. त्या खोलीतली बाई गप्पिष्ट. थंडगार जेल लावता लावता कागदावरचा पत्ता वाचून म्हणाली, अरे, त्या शर्टांच्या कारखान्यातल्या बाईंचा तू भाऊ! त्यांना जानेवारीची तारीख दिली होती ऑपरेशनची, तेव्हापासून फिरकल्या नाहीत. आता बऱ्या आहेत का?

कसलं ऑपरेशन, मी विचारलं. तिचा हात थांबला. मग मॉनिटरकडे बघून म्हणाली, श्वास धरा.

धरला. सुटेचना.

दुसऱ्या मजल्यावरचं थांबणं. दोन उशा घेऊन बसल्या बसल्या झोपणं. पिशवीचा बंद! मी आंधळा आहे. एकच हिवाळा, एकच ताप.

२५ फेब्रुवारी

घरी आलो. ताई कपड्यांच्या घड्या घालत होती. कारखान्यातही दिवसभर तेच करते. सरळ विचारलं. तिनं घडी मोडली नाही. सांगितलं तेही घडी घातल्यासारखं. तिचा व्हॉल्व्हही गेलाय, माझ्याइतकाच. तारीख होती. तेवढ्यात मी पेटीखाली कोसळलो. दोघं एकदम पडलो असतो तर बघणार कोण? म्हणून, याचं आधी होऊ द्या, म्हणाली. भावोजींना काहीच माहीत नाही.

डॉक्टरांनी तिला पावसाळ्याच्या आत करा म्हणून सांगितलंय. त्यापुढे हृदय फुगतं, मग ऑपरेशनही होत नाही.

म्हटलं, मग आता घे तारीख. मी उठलोय, फिरतोय.

ती म्हणाली, "तुझं बघितलं. मला नाही जमायचं."

मग उठून कुकर लावायला गेली.

यंत्र करतोय. खरं. उशी कवटाळतो, डोळे मिटतो, ओढतो. दुसरी गोळी चढली. घाम फुटला, कानशिलं उडायला लागली. ती दारात उभी राहून बघत होती. मी चेहरा सरळ ठेवायला बघितला. नाही राहिला.

४ मार्च

भावोजींना सांगितलं. सांगायला नको होतं की आधीच सांगायला हवं होतं, कळत नाही. दुपारभर खालच्या दुकानातून त्यांच्या शिलाई मशीनचा आवाज आला नाही.

आज खांद्यांच्या मध्ये, पाठीत, कुणी स्क्रू पिळतंय असं. ऑपरेशन पुढून आणि दुखतं मागून! उठून बसलो, उभा राहिलो, परत बसलो, भिंतीला टेकलो. कुठेच जागा नाही. अंगातून बाहेर पडता येत असतं तर पडलो असतो, चपला न घालता.

उस्तादचा फोन आला, आमच्या ट्रकचा मालक तो. सूर्यफूल लागलंय, महिनाअखेरीला निघतो, पेट्या नको उचलू, नुसता ये, धूर कर. माश्यांना आवर घालायला धूर सोडतात, ते काम बसल्या बसल्या होतं. हो म्हणायला तोंड उघडलं होतं. तेवढ्यात जिन्यात ताईची पावलं थांबलेली ऐकू आली. बराच वेळ थांबलेली. बघू म्हटलं आणि फोन ठेवला.

१३ मार्च

सकाळी खोकल्यानं झोडपलं. उशी धरून पडलो होतो, शेजारच्या खोलीत दोघं बोलत होते. दार लोटलेलं.

भावोजी आधी समजावत होते, मग विनवायला लागले. तुझा भाऊ उठला ना, चालतो ना, काल तर तो दुकानापर्यंत आला. मग त्यांचा आवाज फाटला, मी एकटा काय करू म्हणाले. हा माणूस आयुष्यात कधी विनोदाशिवाय बोललेला मी ऐकला नव्हता.

ताई म्हणाली, "तो तुम्हाला बरं आहे सांगतो. छातीत बॅग कोंबून, वर बसून चेन ओढल्यासारखं होतं त्याला. चेन कातडीत अडकते. मला सगळं माहितीये. मी नाही करणार."

हे मी कुणाशी बोललो नव्हतो. डॉक्टरशी नाही, नर्सशी नाही. फक्त या वहीत लिहिलंय.

म्हणजे ती वाचते. मी संडासात जातो तेव्हा, की मला झोप लागली की, माहीत नाही. ती वाचते आणि ठरवते.

१४ मार्च

पानं फाडायला घेतली. पण तिची वाचून झालीत.

मग लिहिलं — आज अजिबात दुखलं नाही. वाचून बघितलं. शाळेतल्या निबंधासारखं वाटलं. खोडलं. गोळ्या उलट्या करून वाजवण्यातलाच प्रकार. एकदा ते करून तिला खोटंच खूश केलं आणि पाठीत सुई घुसली. या वेळी ती मरेल.

मग रागही आला. माझ्या बोंबलण्याला ही एकच जागा होती! बाहेर बरंय बरंय म्हणायचं आणि इथे येऊन ओकायचं. आता तेही गेलं. आणि मी इथे जे ओकलो त्यानं तिचा जीव जाणार. मी इतकं चांगलं कधी लिहीत होतो? शाळेत मराठीत पस्तीस पडले होते.

काय लिहू? खरं लिहिलं तर घाबरते, खोटं लिहिलं तर ओळखते.

छाती दुखतेय. आज तारेमुळे की कशामुळे, कळत नाही.

२९ मार्च

ताई, वही नेहमीच्या जागी आहे, गादीखाली, डोक्याच्या बाजूला. वाच.

यातलं एक अक्षर खोटं नाही. पण सहन होईना तेव्हाच मी पेन उचललं. सतरा-अठरा फेब्रुवारी सोडून दे, तेव्हा तापानं हातच उचलत नव्हता. बाकी ज्या तारखा या वहीत नाहीत, त्या मोज.