आगळाच्या सहा बाटल्या

मिठागर, गांधीधामजवळ
३ जानेवारी २०२५

ती. ताईस, धाकट्या यशराजचा सा. न. वि. वि.

गाडीच्या टाकीचं झाकण तूच उघडं ठेवलं होतंस, मी नाय. दोन वर्षं झाली तरी माझ्याच नावावर घालतेस. आबांची मोटारसायकल मी निघालो तेव्हा धडधाकट होती, न् आता लिहितेस की टाकीतून चहासारखं लाल पाणी निघतं. फोनवर आई मधे बोलते म्हणून कागदावर भांडतोय. सातवीच्या पुढं हात वळला नाय, अक्षर गोड मानून घे.

फेब्रुवारीच्या पहिल्या तारखेपासून बिरवाडीच्या कारखान्यात तुझी सकाळची पाळी, न् तेवढ्या पहाटे शिवथरहून एसटी नाय. गाडी चालू झाली नाय तर तू बिरवाडीत खोली घेणार न् आई एकटी राहणार. हे वाचल्यावर जेवण गेलं नाय. ती गाडी मी आल्यावर चालवणार होतो. तरी सांगतो.

टाकी उतरव. आतलं ओतून टाक, खालचं भोक बुचानं बंद कर. मूठभर नट आत सोड, काहीतरी आंबट भर न् दोन दिवस अधनंमधनं हलव. आंबटानं गंज सुटतो.

इथं दुपारी सगळं पांढरं असतं, जमीन कुठं संपते कळत नाय. पंप दुरुस्त करता करता डोळा लागतो न् मी लहान होऊन टाकीवर बसलेला असतो. मागनं आबांचे हात हँडलवर, मांडीखाली पेट्रोल डुचमळतंय, न् घळीकडचा रस्ता काही संपत नाय.

लोभ हाय तो ठेव, रागाचं नंतर बघू.
यशराज

शिवथर
१३ जानेवारी २०२५

चि. यशराज यास, आईचे आणि माझे अनेक आशीर्वाद.

आंबट लिहिलंस, पण कोणतं ते लिहिलं नाहीस. तू येशील म्हणून आईने कोकमाच्या आगळाच्या सहा बाटल्या मे महिन्यापासून जपून ठेवल्या होत्या. विचारलं तर म्हणाली, तो काय येतोय, ओत. मी ओतत होते तेव्हा मात्र परसात जाऊन बसली.

वर पाणी घालून टाकी भरली. मग दोघी आळीपाळीने मांडीवर घेऊन हलवत बसलो. शेजारच्या येसूबाईने विचारलं, हे काय गो, तर आई म्हणाली, यशराजचं पोर हाय, झोपत नाय. खूप दिवसांनी हसली.

तिसऱ्या दिवशी ओतलं तर आत चांदी. पालथी घालून ठेवली. सकाळी बघते तर पुन्हा लाल, आधीपेक्षा लाल. आई म्हणते, महिनाअखेर भंगारवाल्याला देऊन टाकू. मी बिरवाडीला खोली बघून आले. खिडकीसमोर भिंत आहे.

झाकण मी उघडलंच नव्हतं. तू गेल्यावर गाडीजवळ जावंसं वाटलं नाही.

आमची माया आहे, तब्येत सांभाळ.
तुझी ताई, अंकिता

मिठागर
१९ जानेवारी २०२५

ती. ताईस सा. न. वि. वि.

आगळात मीठ असतं गो. आई मूठ मोकळी सोडून घालते. मी मिठातच राहतो, इथं नवा खिळा आठवड्यात गंजतो, न् मला लिहायचं सुचलं नाय.

खोली घेऊ नको. महाडच्या बाजारातनं टाकीभर व्हिनेगर आण, मीठ अजिबात नको. दोन दिवस ठेव, मग खायच्या सोड्याच्या पाण्यानं धू, मग साध्या. लगेच उन्हात धर. सुकली की वाटीभर इंजिन ऑइल आत फिरव न् त्याच दिवशी पेट्रोल भर.

झाकण बंदच होतं. निघायच्या सकाळी मीच सगळं पेट्रोल काढून गावातल्या सयाजीला देऊन टाकलं, माझ्या माघारी तू गाडी चालवू नये म्हणून. रिकामी टाकी दोन पावसाळे आतनं घामेजली. गंज त्याचा हाय. तुझ्यावर ढकलत राहिलो.

काल दुपारी परत डोळा लागला. या खेपेला टाकीवर मी नव्हतो. गाडी तू चालवत होतीस, आई मागं पदर सांभाळत. मी मिठागराच्या बांधावर उभा होतो न् तुम्ही न थांबता गेलात. जाग आली तेव्हा बरं वाटत होतं.

आईला म्हणावं, या मे महिन्यात एकच बाटली कर, ती प्यायला मी येतो. माझ्यावर रागव, पण लिहीत राहा.
तुझा यशराज

ता. क. गाडी आता तुझी. टाकी कधी रिकामी ठेवू नको. पहिल्यांदा गळ्यापर्यंत भरायला पाठवतोय, रुपये तेराशे साठ.